जिन्यावरचा निळा ड्रम

आमच्या चाळीत कुणालाही फॉर्म भरायचा झाला की माझं दार वाजायचं. घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच. रेशनकार्डात नाव वाढवायचं, गॅसचं केवायसी, कुणाच्या पेन्शनचा अर्ज, सगळं माझ्याकडे. त्यामुळे साथीच्या यादीचं काम माझ्याकडे आलं तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. मलाही वाटलं, हे जमेल आपल्याला.

करोनाच्या वर्षात आमच्या काळाचौकीतल्या चाळीत कोण आजारी आहे हे कळायलाच फार उशीर व्हायचा. पुन्हा तसं होऊ नये म्हणून प्रत्येक चाळीची माहिती आधीच तयार ठेवायची, असं वरून ठरलं होतं. एक छापील फॉर्म असायचा. अंथरुणाला खिळलेलं कोण, गरोदर कोण, डायलिसिसला कोण जातं, जिना अडला तर खाली उतरायची दुसरी वाट कुठली. सहावा रकाना पाण्याचा. घरात किंवा घराबाहेर पाणी साठवता का, आणि किती दिवसांनी रिकामं करता? मी नाव दिलं ते कॉलेजात त्याचे मार्क मिळायचे म्हणून, हे लपवण्यात अर्थ नाही. पण काम करताना मला ते आवडायला लागलं.

आम्हाला शिकवायला आरोग्य केंद्रातली एक ताई यायची. पंचेचाळिशीची, शेजारच्या चाळीत राहणारी, मालवणकडची. चिडली की मालवणीवर यायची. पहिल्याच दिवशी तिने सांगितलं, "यादी खोटी असली तर नसलेली बरी. नसली तर माणूस निदान शोधतो तरी."

मी आमच्या मजल्यावरच्या सगळ्या खोल्या दोन संध्याकाळी पुऱ्या केल्या. सगळं खरं लिहिलं. आमच्या खोलीपुढे सहाव्या रकान्यात मी लिहिलं, 'नाही.'

जिना संपतो तिथे, गच्चीच्या दाराशी, मोडक्या दारांच्या आडोशाला आमचा एक निळा ड्रम होता. चाळीत पाणी पहाटे साडेचारला येतं आणि तासाभरात जातं. माझं लेक्चर सातला असायचं. बारावीपर्यंत मी रोज पहाटे उठून पाणी भरायचे आणि वर्गात झोपायचे. कॉलेजात गेल्यावर दादाने कुठून तरी तो ड्रम आणला, त्याची एक नळी आमच्या मोरीत सोडली आणि म्हणाला, "तू झोप. पाण्याचं मी बघतो." दर रविवारी तो उरलेल्या पाण्यावरच कळश्यांनी ड्रम भरायचा. आठवडाभर पुरायचा. चाळीच्या कमिटीने सामाईक जागेत ड्रम ठेवायला बंदी केली होती, म्हणून ते कुणाला सांगायचं नव्हतं. मी लिहिलं 'नाही' ते दादाला घाबरून की माझी झोप वाचवायला, हे मला आजही धड सांगता येत नाही.

पावसाळा संपता संपता शेजारच्या खोलीतली नऊ वर्षांची मुलगी तापाने पडली. डेंग्यू निघाला. परळच्या एका हॉस्पिटलात तिला अतिदक्षता विभागात ठेवलं. त्याच आठवड्यात मजल्यावर आणखी दोघांना ताप आला. रविवारी सकाळी अकराच्या सुमारास ताई आली. तिच्या हातात माझीच यादी होती.

"यादीतले सगळे ड्रम बघितले. स्वच्छ आहेत," ती म्हणाली. "मग डास येतत खयसून?"

मी म्हणाले, "माहीत नाही."

ती गच्चीकडे निघाली. मी मागोमाग. त्या जिन्यात मला सांगता आलं असतं. मोडकी दारं बाजूला करून तिने ड्रमचं झाकण उचललं आणि मोबाइलचा उजेड आत टाकला.

"बघ. कशे वळवळतत."

पाणी निम्म्यावर आलं होतं आणि त्यात बारीक अळ्या उलट्यासुलट्या होत होत्या. तिने यादी पाहिली. मग नळी पाहिली. नळीच्या मागोमाग तिची नजर भिंतीवरून खाली आमच्या खोलीपर्यंत गेली आणि परत माझ्यावर आली.

"कोणाचो ह्यो?"

सरकारी कचेरीच्या प्रत्येक खिडकीवर चाळीतल्या लोकांसाठी भांडणारी मी. माझ्या तोंडातून शब्द निघाला नाही.

तिने पदर खोचला आणि ड्रम आडवा केला. पाणी जिन्यावरून खाली गेलं. खाली त्या मुलीचा बाप उभा होता. रात्र हॉस्पिटलात काढून कपडे न्यायला आला होता. पाणी त्याच्या पायावर आलं तसा तो वाकला, बघितलं आणि ओरडला, "कुणाचा आहे हा ड्रम? कुणाचा?" दारं उघडायला लागली.

दादा बनियनवरच बाहेर आला. तो एका ट्रान्सपोर्टच्या टेम्पोवर ड्रायव्हर होता, रात्रपाळी करून नुकताच झोपला होता. जिना चढून आला तेव्हा त्याचे डोळेही पुरते उघडले नव्हते.

"ए बाई, हात काढ. पाणी काय तुझ्या बापाने भरलंय?"

"तुझ्या पाण्यात एका पोरीचा मरण हा. ये, बघ हय येऊन."

"सोड म्हणतो ना!"

"नाय सोडूचंय."

दोघांनी ड्रम दोन बाजूंनी ओढला. गच्चीच्या दाराला आडवी लावायची लोखंडी पट्टी भिंतीला टेकवून ठेवलेली असायची. दादाने ती उचलली आणि तिच्या तोंडावर मारली. एकदाच. आवाज फार मोठा झाला नाही. ती खाली बसली, मग पाण्यातून घसरत चार पायऱ्या गेली. जबडा एका बाजूला सरकलेला दिसत होता. पायरीवर दोन दात पडले होते. पाणी अजून वाहत होतं, ते लाल व्हायला लागलं, आणि त्या लाल पाण्यातही अळ्या वळवळत होत्या.

दादाने पट्टी दुसऱ्यांदा उचलली. तेव्हा मी त्याचा हात धरला, असं नंतर मी पुष्कळांना सांगितलं. मी धरला नव्हता. तो आपणहूनच थांबला.

मग मुलीचा बाप वर आला. "माझी पोरगी नळ्या लावून पडलीय, भडव्या!" त्याने दादाला केसांना धरून खाली ओढलं. पुढचं मी तुकड्यातुकड्यांनी पाहिलं. हेल्मेट, स्टूल, चपला, पाय. ज्यांचे अर्ज मी भरले होते ते लोक होते, त्यांच्या बायकाही होत्या. एकजण दर लाथेला शिवी बदलत होता. आई येऊन दादाच्या अंगावर पडली, तर दोन लाथा तिलाही बसल्या. "अरे, म्हातारीला नको," कुणीतरी म्हणालं, आणि तिला उचलून बाजूला ठेवून पुन्हा सुरू झाले. जिन्याच्या दुसऱ्या टोकाला दोघीजणी ताईला चादरीत घालून खाली नेत होत्या.

पोलीस आले तेव्हा सगळे आपापल्या दारात उभे होते. ठाण्यात प्रत्येकाने एकच सांगितलं, आम्ही आवाज ऐकून आलो. ताईला कुणी मारलं हे सांगितलं असतं, तर दादाला कुणी मारलं हेही विचारलं गेलं असतं. ताईला बोलता येत नव्हतं. आणखी काही दिवस येणार नाही, असं डॉक्टरांनी कळवलं होतं.

"फिर्याद द्यायला कुणी नसेल तर अपघाताची नोंद करतो," हवालदार म्हणाला. "बाई पाण्यावरून घसरली."

आई माझ्या शेजारी बसली होती. तिने माझा दंड असा चिमटला की पुढे आठवडाभर तिथे काळं होतं. "घसरली म्हण," ती हळूच म्हणाली. "जिन्यावर पाणी होतं की नाही? मग खोटं काय त्यात? तो आत गेला तर त्याची नोकरी गेली. नोकरी गेली की तुझं कॉलेज गेलं. घसरली म्हण."

दादा समोरच्या बाकावर होता. एक डोळा मिटलेला, बनियन फाटलेलं. तो माझ्याकडे बघत नव्हता.

हॉस्पिटलात ती मुलगी वाचेल की नाही, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. ती नंतर वाचली, घरी आली. पण त्या दुपारी मी तेच धरून चालले होते, की ती गेली.

मी म्हणाले, "फिर्याद मी देते."

"नातं काय तुमचं याच्याशी?" हवालदाराने दादाकडे बोट केलं.

"भाऊ आहे."

"चुलत?"

"सख्खा."

हवालदाराचे हात कीबोर्डवर थांबले. आई उठली, माझ्या थोबाडीत मारली आणि बाहेर निघून गेली. कुणी तिला अडवलं नाही.

मी सांगायला लागले. ड्रम माझ्यासाठी होता, यादीत मीच 'नाही' लिहिलं, ताईने विचारलं तेव्हा मी गप्प राहिले.

"अहो मॅडम, निबंध नाय लिहायचाय. कुणी मारलं, कशाने मारलं?"

"पण हे आधी घडलं."

त्याने सुस्कारा सोडून तेही दोन ओळींत घेतलं. मग मी पट्टीचं सांगितलं. दादाचं नाव सांगितलं. तोपर्यंत एक तरुण शिपाई दादासमोर येऊन उभा राहिला होता. "बाईवर हात टाकतो काय रे?" त्याने दादाच्या कानफटात दिली. दादाने तोंड झाकलं तसा बुटाने बरगडीत मारलं. दादा बाकावरून खाली आला. सकाळी जिथे सुजलं होतं नेमकं तिथेच तो मारत होता.

"मारू नका," मी म्हणाले.

शिपाई वळला. "आता का? तूच तर सांगितलंस."

प्रिंट निघाली. मी ती पहिल्यापासून वाचली. परीक्षेत पेपर वाचते तशी, बोट ठेवून. सगळं बरोबर होतं. हवालदाराने पेन दिलं. सहीच्या वर थोडी जागा होती. तिथे मी लिहिलं, 'माझ्यासमोर ठाण्यात माझ्या भावाला बुटाने मारलं.'

हवालदाराने वाचलं, कागद फाडला आणि दुसरी प्रिंट काढली. "सही फक्त."

मी परत लिहिलं. त्याने परत फाडलं. "डोकं फिरलंय का तुझं? तूच त्याला अडकवतेस आणि तूच त्याची वकिली करतेस?"

"दोन्ही झालंय ना पण," मी म्हणाले.

तिसरी प्रिंट आली. जमिनीवरून दादा बोलला. ओठ फाटल्यामुळे शब्द फुगून येत होते. "ए, कर ना सही. तुझ्या त्या एका ओळीपायी मला अजून चार पडतील."

मी त्याच्याकडे पाहिलं. मग ती ओळ तिसऱ्यांदा लिहिली आणि खाली सही केली.

हवालदाराने कागद उचलला. वाचला. खुर्ची मागे सरकवून उठला आणि कागद हातात घेऊनच दादाच्या दिशेने चालू लागला. कागद अजून त्याने फाडलेला नव्हता. मीही उठले आणि त्या दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिले.