न भाजलेली वाळू

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते माझ्या मामांचे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि ते जमलं पेणकरपाड्यातल्या त्यांच्या एका खोलीत राहून. मामा फ्रिज दुरुस्त करत. तांब्याच्या नळीला त्यांनी दिलेला जोड कधी गळला नाही.

मामी जवळच्या पूनम सागर सोसायटीत स्वयंपाकाची कामं करायची. तिथल्या बागेत कारंजं होतं. आपल्या दारात असं काही नसतं, असं ती एकदा म्हणाली आणि मामांनी ते मनावर घेतलं. जुन्या एसीच्या जाड नळ्या जमवल्या, कूलरचा पंप आणला. माझा बी.एस्सी.चा निकाल लागला होता, नोकरी नव्हती. मी मदतीला बसलो.

वाकवताना नळी चेपू नये म्हणून तिच्यात वाळू ठासतात, दोन्ही टोकांना लाकडी बुचं मारतात आणि बर्नरने तापवतात. वाळू आधी भाजून घ्यायची, ओल राहता कामा नये. तेवढंच काम माझ्याकडे होतं. मी ती उन्हात पसरली. हाताला कोरडी लागली. स्टोव्ह पेटवायचा कंटाळा केला.

"भाजलीस ना रे?" मामांनी विचारलं.

"हो, मामा."

तिसऱ्या वळणाला आत वाफ कोंडली आणि बूच सुटून त्यांच्या डाव्या डोळ्यावर बसलं. डोळा गेला. दवाखान्यात मामीला ते म्हणाले, "ज्योत जास्त लागली माझ्याकडून." मी शेजारीच उभा होतो.

उरलेलं कारंजं त्यांनी दुसऱ्या मेकॅनिककडून पुरं करून घेतलं. पंप लावला की आधी हवा फट्‌कन सुटायची, मग पाणी. मामी हसायची. माझी मान झटक्यात बाजूला व्हायची. पुढे पुण्याला नोकरी लागली. तिथे नळाला पाणी येताना तोच आवाज व्हायचा आणि हात आपोआप डोळ्यावर जायचा.

एकदा पीसीओवरून मामीचा फोन आला. मामांनी बर्नर ओळखीतल्या एकाला देऊन टाकला होता. हातच चुकतो आता माझा, म्हणत होते. त्याच दिवशी मी लिहिलं:

"मामा,

तुमचा हात चुकला नव्हता. ज्योत बरोबर होती. वाळू मी भाजली नव्हती, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोललो. नंतर दवाखान्यातही गप्प राहिलो. मामीला हे पत्र वाचून दाखवा. रविवारी मी येतोय. घरात घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पण त्याआधी तो बर्नर परत मागून आणा."