बिननावाची गोगलगाय

जेवणाच्या टेबलावर, काळ्या कापडावर, चार मिलिमीटरचा एक शंख ठेवला आहे. माझी बायको वैशाली भिंगातून त्याचे वेढे मोजते आहे. ज्वालामुखीच्या एका बेटावर तिला सापडलेली ही गोगलगाय अजून कुणीच नोंदवलेली नाही. वर्णन लिहून तिला नाव द्यायचा मान आता वैशालीचा.

मागची गोगलगायही तिनेच शोधली होती. ती तिच्या संस्थेतल्या साहेबांनी परस्पर स्वतःच्या नावावर छापली. मी ते विसरलेलो नाही आणि विसरायची इच्छाही नाही.

"हिला साहेबांचं नाव दे," मी म्हणालो. "बुळबुळीत आहे, पाठीला कणा नाही. शोभेल."

ती हसली. "अहो, एकदा दिलेलं नाव पुसता येत नाही. तुम्ही तर त्यांना अमर करायला निघालात."

हे माझ्या हिशेबात आलंच नव्हतं. मी शंखाकडे पाहत राहिलो. लाव्हा निवला, त्याची माती झाली, शेवाळ आलं, मग हा जीव आला. इतका काळ बिननावाचा जगला, त्याचं काही अडलं नाही. नाव गाळल्याची शिक्षा फक्त माणसाला होते.

"शोधनिबंधाच्या शेवटी आभार तरी मानावे लागतील ना त्यांचे?" मी विचारलं.

"रीत तशीच आहे. साहेबांचे सगळ्यात आधी."

"आणि या वेळी?"

"होडीवाल्यापासून सुरू होतात, तुमच्यावर संपतात."

मी आभारांचा कागद मागून घेतला आणि चूक राहू नये म्हणून दोनदा तपासला. साहेब कुठेही नव्हते.