फव्वाजचं खातं गप्प होईना

फव्वाज गेला त्या दिवसापासून रस्मियाच्या घरातला टीव्ही बंद म्हणून झाला नव्हता. पहाटेपासून झोपेपर्यंत त्यावर कुराणाचं पठण चाले. नवऱ्याच्या आत्म्याला तेवढंच पुण्य. सल्त गावातल्या त्या चढावरच्या गल्लीतली प्रत्येक बाई दारात थबकायची, दुआ म्हणायची आणि मगच आत यायची.

रस्मिया मात्र वेगळ्याच गोष्टीची वाट बघत होती. फव्वाज शाळेची बस चालवायचा, पण जीव सगळा गाण्यात. वीस वर्षं त्यानं गावोगावच्या म्हाताऱ्यांची मनधरणी करून लग्नातली जुनी गाणी फोनवर टिपली होती. त्यात रस्मियाच्या आईचं, हज्जा शमसाचं, मेंदीचं गाणंही होतं. हज्जा आता नव्हती. फोन दवाखान्याच्या धावपळीत हरवला होता. गाणी सारी इंटरनेटवरच्या त्याच्या खात्यात, आणि पासवर्ड तो आपल्याबरोबर घेऊन गेलेला. अंथरुणाला खिळल्यावर एवढंच म्हणाला होता, की काळजी करू नकोस, माझं खातं तीन महिने गप्प राहिलं की त्याची किल्ली आपोआप तुझ्या फोनवर येईल, तशी सोय केली आहे. ऑक्टोबरात एकुलत्या लेकीचं, हियामचं लग्न. आजीचं गाणं लागल्याशिवाय मेंदीला हात पुढे करणार नाही, असं पोरगी सगळ्यांना सांगून बसली होती.

तीन महिने झाले, पाच झाले. किल्लीचा पत्ता नाही. बस कधी मिनिटभर उशिरा नेली नाही, पण घरचं काम म्हटलं की या माणसाचं सदा उद्यावर! रस्मियाने मनातल्या मनात त्याला चार शब्द सुनावलेही.

जुलैच्या सुरुवातीला नणंद नुहा आली. ती मुलींच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. किल्लीची रडकथा ऐकता ऐकता तिची नजर टीव्हीच्या कोपऱ्यावर गेली. तिथे छोट्या गोलात फव्वाजचा फोटो होता, मिशीसकट.

"वहिनी, हा टीव्ही दादाच्या खात्यावर चालतोय?"

"मग कुणाच्या? त्यानंच लावून दिलाय."

नुहाने कपाळावर हात मारला. "अगं, मग खातं गप्प होणार कसं? कंपनीच्या लेखी दादा जिवंत आहे आणि दिवसभर कुराण ऐकतोय. शुक्रवार सोडून मशिदीची पायरी न चढणारा माणूस."

दोघी हसून हसून बेजार झाल्या. पण टीव्हीवरून दादाचं खातं हटवायला नुहाने रिमोट उचलला, तसा रस्मियाने तो हिसकावून घेतला.

"आज नको," ती म्हणाली. "कुठेतरी तो जिवंत आहे ना, राहू दे एक रात्र."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं स्वतःच बटण दाबलं. मिशीवाला गोल गेला. पठण तिनं जुन्या रेडिओवर लावलं, आणि दिवस मोजायला सुरुवात केली. सहा जुलै ते सहा ऑक्टोबर. मेंदी आठ तारखेला. कुणी फुटबॉल बघायला आलं की टीव्ही बिघडलाय म्हणायची. रिमोट तांदळाच्या डब्यात. नुहा समजवायची, टीव्हीवरून खातं हटवलंय, आता तो लावायला हरकत नाही. रस्मियाचा विश्वास बसेल तर शपथ.

सहा तारीख कोरडी गेली. सातही. हियामचं तोंड उतरलं. आठला सकाळी स्वयंपाकघरात द्राक्षाच्या पानांत भात भरत बायका बसल्या असताना फोन वाजला. रस्मियाने तेलकट हातांनीच तो उचलला, नाव वाचलं आणि नुहाच्या अंगावर जवळजवळ फेकला. फव्वाजचं नाव होतं.

नुहाने आलेल्या किल्लीनं खातं उघडलं. दोनशे अकरा गाणी! प्रत्येकाच्या आधी त्याचा घोगरा आवाज: तारीख, गाव, गाणारीचं नाव. हज्जा शमसा लागली तशी हियाम नाचायलाच लागली. नुहाने यादी चाळत शेवटचं लावलं. तिथे तो कुजबुजत होता.

"आमचंच स्वयंपाकघर. गाणारी रस्मिया, माझी बायको. हळू बोलतोय, कळलं तर गप्प बसेल."

मग नळाचा आवाज, भांड्यांचा आवाज, आणि आईचंच मेंदीचं गाणं गुणगुणणारी ती स्वतः. मला गाता येत नाही, असं जन्मभर सांगणारी. रस्मिया तिथेच जमिनीवर बसली आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा मोकळी रडली.

हियामने फोन बंद केला. "आजीचं उद्या ऐकू," ती म्हणाली. "आज तूच म्हण."

संध्याकाळी पोरीने हात पुढे केला, आणि रस्मियाने सगळ्या गल्लीसमोर मोठ्यानं गाणं म्हटलं.