न प्यायलेल्या दारूची माळ

आधीच सांगून टाकतो: मी दारू पीत नाही. कधीच प्यायलो नाही. लहानपणी चुलत्यानं गंमत म्हणून बोट बुडवून चाटवली होती, तेवढीच. तरी आमच्या नेकनूरकडच्या गावात कुणालाही विचारा, गवंडी कुठं राहतो, तर माणूस एका हातानं घर दाखवतो आणि दुसऱ्या हाताचा अंगठा तोंडाकडं नेतो. पाच वर्षं झाली या अंगठ्याला.

सुरुवात खिळ्यानं झाली. बीडला एका बंगल्याचं काम चालू होतं. सेंट्रिंगच्या फळीवरून उतरताना गंजका खिळा तळपायात घुसला. स्लॅब टाकायचा दिवस जवळ आलेला, आणि मला शहाणपण जास्त. हळद-चुना लावला आणि आठ दिवस त्याच पायावर उभा राहिलो. पाय गुडघ्यापर्यंत सुजला तेव्हा दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, पाय ठेवायचा की नाही ते दोन दिवसांत ठरेल. मग चौदा दिवस सकाळ-संध्याकाळ एक इंजेक्शन. पाय राहिला. त्या इंजेक्शनला मी शिव्या देत नाही, देऊही नयेत. पण पाय ठेवून त्यानं माझं चालणं नेलं, हे कुणाला सांगावं आणि कसं सांगावं?

घरी आलो तेव्हा वाटलं, अशक्तपणा आहे. अंगणातून चालताना पायाखाली जमीन नाही, कापसाची गादी आहे, असं वाटायचं. चालताना समोरच्याचं तोंड वरखाली हलायचं. थांबलो की तेही थांबायचं. दुकानाची पाटी चालता चालता वाचता येईना. तोंड धुताना डोळे मिटले की सरळ पुढं झुकायचो. शर्ट डोक्यातून काढताना दोनदा पडलो. दिवसा उजेडात डोळ्यांच्या आधारावर कसंबसं निभायचं, पण दिवेलागण झाली की संपलं. मग रस्त्यानं माझ्या झोकांड्या सुरू. आणि दिवेलागणीला झोकांड्या खाणारा माणूस आमच्याकडं एकाच गोष्टीसाठी प्रसिद्ध असतो.

बसलो की मात्र काही नाही. बसल्यावर मी ठणठणीत! हीच तर पंचाईत. ओट्यावर बसून गप्पा मारणारा माणूस उठल्यावर भिंत धरून चालतो, यावर कोण विश्वास ठेवणार?

डोक्याचा फोटो काढला, नॉर्मल. रक्त नॉर्मल. ऐकू येतंय नॉर्मल. या ‘नॉर्मल’ शब्दाइतका घाण शब्द दुसरा नाही. शेवटी संभाजीनगरला एका कानाच्या डॉक्टरीणबाईंनी मला खुर्चीवर बसवून मान इकडंतिकडं झटकली, डोळ्यांत बघितलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, “कुठली इंजेक्शनं घेतली होती का?” मला तिथंच रडू फुटलं. त्या म्हणाल्या, कानाच्या आत तोल सांभाळणारा भाग असतो, तो त्या औषधानं गेलाय. परत येत नाही. सवयीनं थोडं जमेल. त्यांनी ते कागदावर लिहूनही दिलं, इंग्रजीत.

घरी कागद दाखवला. धाकट्या भावाचं खताचं दुकान आहे, तो घरातला वाचणारा. त्यानं कागद उलटासुलटा केला आणि म्हणाला, “दादा, कानाचा अन् चालायचा काय संबंध? इंजेक्शन मला बी दिलतं की निमोनियात. मी पडायलोय का?”

काम गेलं. परांचीवर चढून ओळंबा सोडायचो, म्हणजे दोरीला बांधलेलं लोखंडी वजन, भिंत सरळ आहे का ते बघायला. ओळंबा स्थिर असायचा, मीच हलायचो. एक दिवस ठेकेदारानं खाली बोलावलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, “पिऊन वर चढू नकोस, लेका. तू मरशील आन् मी आत जाईन.” मी थापी पाटीत टाकली आणि घरी आलो. भांडायला तोंड होतं, पण भांडायला उभं राहावं तर तिथंही लटपटलो.

या सगळ्यात मला एकाच माणसानं खरं मानावं असं वाटत होतं. आईनं. बाकी गावाला काय, ते रिकामं आहे. संध्याकाळी मी आलो की आई हाक मारायची, “ये, बस जरा जवळ.” पदरानं तोंड पुसायची, गाल धरायची. मला बरं वाटायचं. चाळिशी उलटलेला बाप्या मी, पण आईपुढं मान खाली घालून बसायचो. एकदा तिच्या नाकपुड्या हलताना दिसल्या आणि कळलं, ती वास घेते. रोज घेत होती.

बायकोला खरं माहीत होतं. ती आईला म्हणाली, “आत्या, तोंडाला वास न्हाई त्यांच्या.”

आई म्हणाली, “आता बिनवासाची बी मिळती म्हणं.” झालं!

मग आईनं अन्न सोडलं. दोन दिवस पाण्यावर राहिली. अट एकच, मठात जाऊन दारू सोडायची माळ घाल. आमच्याकडं दारुड्याला असंच सोडवतात. महाराजांपुढं नारळ ठेवायचा, तुळशीची माळ गळ्यात घ्यायची आणि आईच्या गळ्याची शपथ घेऊन म्हणायचं, आजपासून शिवणार नाही. बायको म्हणाली, “जाऊ नका. घातली म्हंजी कबूल केल्यासारखं व्हईल.” ती शहाणी होती. मी नव्हतो. मला वाटलं, माळ घातली की आई जेवेल. आणि मी पीतच नाही, तर शपथ मोडायची भीती कसली!

माळ घातली. आई त्या दिवशी भाकरी जेवली, वर गुळाचा खडा खाल्ला. गावातली माणसं घरी येऊन पाठ थोपटून गेली. “सुटलास बघ, लई बरं झालं.” न केलेल्या पापाची शाबासकी मी चहासोबत गिळली.

आठ दिवसांनी दिवेलागणीला पिठाच्या गिरणीवरून येताना पडलो. डबा सांडला, पीठ रस्ताभर झालं. आई ओट्यावर उभी होती. मी पिठानं माखलेला उठलो तर ती आत निघून गेली. आधी मी नुसता दारुडा होतो. आता आईच्या गळ्याची शपथ मोडणारा दारुडा झालो. त्यानंतर तिनं कधी वास घेतला नाही. जवळच बोलावलं नाही. ताट वाढायची, पण माझ्याकडं न बघता. तीन वर्षं ती माझ्याशी भिंतीकडं बघून बोलली. काय सांगू, त्यापेक्षा पाय गेलेला परवडला असता.

मग आई आजारी पडली. थंडी वाजून ताप, लघवीत पू. बीडला दवाखान्यात ठेवली. तिसऱ्या दिवशी तरुण डॉक्टर म्हणाले, तपासणीत एकच औषध लागू पडतंय, आजपासून ते इंजेक्शन चालू करतो. नाव ऐकलं. तेच. मी म्हणालो, “साहेब, ते नका देऊ. त्यानं माझा तोल गेलाय कायमचा.” डॉक्टर थांबले. म्हणाले, कागद आहे का? कागद घरी पेटीत. भाऊ मान खाली घालून उभा. आणि आई तापानं फणफणलेली, तरी कॉटवरून उठून बसली आणि साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाली, “द्या हो तुमी. त्याचं कावून ऐकता? पिलेला असतो तो.”

शेजारच्या कॉटवरची बाई माझ्याकडं बघायला लागली. डॉक्टर सौम्यपणे म्हणाले, “सगळ्यांना होत नाही तसं. मी लक्ष ठेवतो. पण आत्ता हे दिलं नाही तर आई हाताला लागणार नाही.” त्यांचंही खोटं नव्हतं. थोरला म्हणून सही मागितली. सही मीच केली. हे मी कुणाला सांगत नाही, पण इथं सांगतो, कारण ते मला सोडत नाही. जीव वाचवायला केली हे खरं. पण सही करताना मनाच्या एका कोपऱ्यात आलं होतं, घे मग. क्षणभरच आलं. पण आलं होतं.

बारा दिवसांनी आई घरी आली. ताप गेला होता. संध्याकाळी तुळशीला दिवा लावायला उठली आणि तिनं चौकट धरली. मग दोन्ही पाय फाकवून, भिंतीला हात लावत गेली. मी ओट्यावर बसून बघत होतो. ते चालणं मी ओळखलं. माझंच होतं. बायकोनं माझ्याकडं बघितलं आणि तोंडाला पदर लावला.

चार दिवस आई भिंती धरून घरात वावरली. पाचव्या दिवशी सकाळी मोरीपाशी तोंड धुताना तिनं डोळे मिटले आणि ती पुढं झुकली. मी धरायला धावलो. धावणारा मी! दोघंही पडलो. ओल्या फरशीवर समोरासमोर बसून राहिलो.

ती म्हणाली, “तुझी बी जिमीन अशीच व्हती का रं?”

“व्हय.”

“मान्साचं तोंड असं हालतं?”

“चालताना. थांबलं की थांबतं.”

“आन् तू चार वर्सं…” तिनं माझं तोंड हातात घेतलं, ओल्या हातानं. वास घेतला नाही. माझ्या गळ्यात हात घालून माळेची गाठ शोधायला लागली. सुटेना, तर दातांनी तोडली. मणी मोरीत गेले. तुळशीची माळ तोडणारी बाई नव्हती ती, आयुष्यभर देवभोळी. “ज्याचं जळतं त्याला कळतं,” म्हणाली, “मला जळाया लागलं तवा कळलं. मी कसली माय!”

चार वर्षं मी ज्याच्यासाठी तळमळलो ते त्या मोरीत मला मिळालं. आणि मला ते नको होतं. खरंच सांगतो, असं नको होतं. माय, तू मला दारुडा समजत धड पायानं चालली असतीस तर मी काही म्हटलं नसतं.

दुसऱ्या दिवसापासून ती काठी घेऊन निघाली. घरोघर जायची आणि सांगायची, “माझं लेकरू पीत न्हवतं. मीच नाव ठिवलं त्याला.” बायका तिला पाणी द्यायच्या, हो हो म्हणायच्या. एक दिवस गिरणीपाशी ती भेलकांडली तर कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, “आता म्हातारी बी घ्यायला लागली का काय!” सगळे हसले. आई घरी आली, काठी कोपऱ्यात ठेवली आणि परत गेली नाही. भाऊ लोकांना म्हणाला, “वय झालंय, भरम झालाय तिला. तिचं मनावर घेऊ नका.” मरेपर्यंत मात्र संध्याकाळी ती मला शेजारी बसवायची. अंधार पडला की एकमेकांना धरून आत जायचो.

यंदा थंडीत ती गेली. परत पडली, मांडीचं हाड मोडलं, त्यातून उठली नाही. माझ्यावर विश्वास ठेवणारी म्हणून बायको उरली, आणि बायकोचं गाव काय ऐकतं?

दिंद्रुडहून बहीण पोचेपर्यंत उन्हं उतरली. थोरला मी, म्हणून पाणी भरलेलं मडकं खांद्यावर घेऊन सरणाभोवती तीन फेऱ्या घालायच्या होत्या. अनवाणी, ओल्या धोतरात, ढेकळांच्या जमिनीवर, आणि उजेड चाललेला. एवढं एक तरी नीट होऊ दे म्हणून मी पाय मोजून टाकत होतो. पहिली फेरी झाली. मागून भावानं दगडानं मडक्याला भोक पाडलं. दुसऱ्या फेरीला मी लटपटलो, पाणी हिंदकळलं. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, “आजच्या दिवस तरी…”

भावानं मागून पुढं येऊन माझा दंड धरला. मला वाटलं, सावरायला आला. त्यानं तोंड माझ्या तोंडाजवळ आणलं आणि श्वास आत ओढला, आई ओढायची तसा.

मी त्याच्या तोंडावर लांब श्वास सोडला, पार पोटातून. “घे,” म्हणालो, “नीट घे. ती बघायलीय.”

तो मागं झाला. मी मडकं सावरलं आणि तिसरी फेरी घातली.