उशिरा पडलेला झेंडा

मी शाळेत शिकवायचो तेव्हा कडेगावचा बशीर मुलाणी सातवीला माझ्या वर्गात होता. त्याच्या भूगोलाच्या वहीत नकाशे कमी आणि बैल जास्त असायचे. आज तो चाळिशीला आलाय. सातारा-सांगलीकडं बैलगाड्यांची शर्यत कुठंही असो, निकालाच्या रेषेवर कॅमेरा बहुधा त्याचाच असतो. दोन जोड्या बरोबरीनं आल्या आणि वाद पेटला, की पंचसुद्धा त्याचा फोटो मागून घेतात.

ही मैदानं ऐन उन्हाळ्यात भरतात आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालतात. पहिल्याच वर्षी औंधच्या बाजूला बशीर दुपारी एक वाजता कॅमेऱ्यासकट आडवा झाला होता. सकाळपासून त्यानं पाण्याचा घोट घेतला नव्हता. पाणी प्यालं की लघवीला जावं लागतं, जागा सोडली की तेवढ्यात निकाल निसटतो, म्हणून. डोळे उघडले तेव्हा शेजारी झाडाखाली बैल उभे होते, त्यांच्या पाठीवर ओली पोती होती.

“सर, बैलाची एवढी काळजी घेत्यात आनि मी येडा उन्हात,” असं त्यानं नंतर मला सांगितलं.

तेव्हापासून त्याची पद्धत ठरून गेली. अंगात पांढरा, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, टोपीखाली ओला पंचा, कॅमेऱ्याच्या तिवईला बांधलेली मोठी छत्री. दर वीस मिनिटांनी मोबाईल वाजतो आणि तो मीठ-साखरेचं लिंबूपाणी पितो. दोन गटांच्या शर्यतींमध्ये दहा मिनिटं सावलीत बसणार, हे तो कमिटीला आधीच सांगून ठेवतो. पोरं चेष्टा करतात.

“बशीरभाई, फोटो काढाय आलाय का रसवंती टाकाय?”

“दोन्ही. तू पैला सावलीत ये, मग ग्लास देतो.”

यंदा एप्रिलच्या शेवटी कराडजवळच्या मैदानात झेंडापंच होते कृष्णात नाना. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, साठी ओलांडलेले, ताठ कण्याचे. जोडी रेषेवर आली की झेंडा खाली मारायचा, हे त्यांचं काम. त्यांच्या निकालावर कुणी बोट ठेवत नसे. बशीरनं सकाळपासून दोनदा ग्लास पुढं केला होता.

“न्हाई रं. पंच रेषा सोडून हालला, की लोक म्हनत्यात, कुनाला तरी भेटाय गेला,” नाना म्हणाले. आणि भर उन्हात, डोक्याला फेटा बांधून उभे राहिले.

दुसरी सेमीफायनल संपल्यावर बशीर छत्रीखाली बसून फोटो चाळत होता. त्याच्या प्रत्येक फोटोत बैलांची तोंडं आणि झेंडा एकत्र येतात. सकाळच्या गटांत बैलाचा खूर रेषेला लागताना झेंडा खाली आलेला दिसत होता. बाराच्या सुमाराला तो अर्ध्यावर होता. आताच्या फोटोत गाडीची चाकंही रेषेपार गेली होती, आणि झेंडा अजून वरच.

त्यानं मान वर करून नानांकडं बघितलं. सगळं मैदान घामानं निथळत होतं. नानांचं तोंड मात्र लालबुंद आणि कोरडं होतं.

तिकडं फायनलच्या जोड्या जुंपून झाल्या होत्या. बशीर कॅमेरा सोडून थेट रेषेवर गेला.

“नाना, आत्ताची गाडी कुनाची?”

नाना त्याच्याकडं बघत राहिले. “पलटन... पलटन अजून आली न्हाई,” ते म्हणाले.

बशीरनं दोन्ही हात वर करून शर्यत थांबवली. कमिटीचे अध्यक्ष दादासो तरातरा आले.

“आरं बशीर, फायनल हाय ही. लोक आमाला फाडून खातील.”

“खाऊ द्या. नानांना ऊन लागलंय. ॲम्ब्युलन्स हिकडं घ्या, पैली.”

चौघांनी नानांना बैलांच्या मांडवात नेलं. फेटा आणि सदरा उतरवला. कुणीतरी तांब्या तोंडाशी नेला, तो बशीरनं मागं सारला. “शुद्ध धड न्हाई त्यांची. घशात अडकंल. अंगावर ओता.” बैलांसाठी भरलेली बॅरल होती. मान, काखा, मांड्या भिजवत आणि फेट्यानं वारा घालत त्यांनी नानांना ॲम्ब्युलन्समध्ये चढवलं. कराडच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर अवघड होतं.

फायनल साडेपाचला झाली. झेंडा दुसऱ्या पंचानं मारला आणि मैदानात कुणी ब्र काढला नाही.

तिसऱ्या दिवशी बशीर नानांना भेटायला गेला, तेव्हा मी बरोबर होतो. नाना उशीला टेकून बसले होते. तब्येतीचं विचारू दिलं नाही.

“ती दुसरी सेमी दाव मला,” म्हणाले.

बशीरनं फोटो पुढं केले. नानांनी चष्मा लावून एकेक फोटो बोटानं मोठा करून बघितला.

“झेंडा लय मागनं पडला की रं. निकाल चुकला का माजा?”

“न्हाई नाना. डावीकडची जोडी फुडं हुती, तुमी तीच दिलीया. हात तेवढा उशिरा आला.”

नानांनी मोबाईल परत दिला, चष्मा काढला. मग दाराशी उभ्या असलेल्या दादासोंना म्हणाले, “पुढल्या मैदानाला रेषेवर मांडव घाला. आनि झेंड्याला दोन पंच ठेवा, तासातासाला बदली. लोकांनी काय म्हनलं, तर म्हनावं, सुभेदारानं सांगितलंय.”