दाजींची अर्धी बाजू

आमच्या पत्रे बसवणाऱ्या टोळीत माझ्या दाजींना सगळे आवळ्या म्हणायचे. बोल्ट आवळून झाला की ते पुन्हा पाना लावायचे. बोल्टखालचे रबरी वायसर संपले की कामच थांबवायचे. डबा खातानाही झाकण दोनदा दाबून बघतात, ही टिंगल मीच सुरू केली होती.

शाळेच्या सभागृहाचं छप्पर आमच्याकडे आलं. वादळ आलं की वस्तीने तिथेच जायचं, असं ठरलेलं. पत्र्याला वळचणीला एक लाट सोडून एक बोल्ट लागतो, आणि तोही लाटेच्या माथ्यावर. ठेकेदार म्हणाला, "तीन सोडून एक मारा. वर चढून कोण बघतंय?"

"वारा बघतो," दाजी म्हणाले.

दाराकडची बाजू त्यांनी आपल्या पद्धतीने पुरी केली. दुसऱ्या दिवशी ठेकेदाराने त्यांना घरी बसवलं. मंचाकडची बाजू मी बसवली. तीन सोडून एक. पुरे बोल्ट मारता आले नसते असं माझ्या हाताला काही झालं नव्हतं. सांगितलं तसं केलं. त्याच ठेकेदाराने स्वतःच्या घराचं छप्पर मात्र दाजींकडून करून घेतलं.

चार वर्षांनी चक्रीवादळ आलं. दुपारी सगळी वस्ती सभागृहात. दाजी दारापासून ओरडले, "अरे, आईंना इकडे आण!"

"तिकडे चेंगरायला होतंय. हे छप्पर मी बसवलंय, दाजी," मी म्हणालो आणि आईला मंचापाशी बसवलं. छाती फुगवून बसवलं.

साडेतीनला वळचण उचलली. पत्रा दोनदा आपटला. मग ओळच्या ओळ गेली आणि लोखंडी पट्ट्या खाली आल्या. तिघं गेली. त्यात आई. दाराकडच्या बाजूचा एक पत्रा हलला नाही.

आठवडाभर आम्ही चिखल उपसला. पाणी टँकरचं, तेही भांडून. मग पाहणी करून गेलेल्या सरकारी साहेबांचा अहवाल आला: वारा असा होता की कुठलंही छप्पर टिकलं नसतं. आता अर्धं टिकलेलं छप्पर साहेबांच्या डोळ्यांत खुपायला लागलं. ठेकेदाराला हुकूम मिळाला, सगळं उतरवा आणि नवं घाला.

सकाळी ठेकेदार आणि साहेबांसोबत आम्ही पोचलो तर दाजी त्यांच्या बाजूच्या छपरावर. मांडी घालून बसलेले, शेजारी पाण्याची बाटली.

"तुझा दाजी आहे, तूच उतरव," ठेकेदार म्हणाला.

मी शिडीवरून म्हटलं, "दाजी, खाली या. ऊन लागेल."

"तू वर ये. पाना घेऊन ये."

मी गेलो. त्यांनी आपला एक बोल्ट दाखवला. "खोल."

पाना दोनदा निसटला. तळहाताचं साल गेलं. पाऊण आटा फिरला, एवढंच. मग ते मला माझ्या बाजूला घेऊन गेले. तिथे एकच पत्रा लोंबत उरला होता.

"आता हा खोल."

बोल्ट दोन बोटांनी निघाला. वायसर नव्हताच. दाजींनी शिवी घातली असती तर बरं झालं असतं.

मी वरूनच ओरडलो, "साहेब, वर या! बोल्ट मोजा!"

"मला उंचीवर चक्कर येते," साहेब म्हणाले. खाली कुणीतरी फिसकन हसलं.

"मग तिथून लिहा. ही बाजू मी बसवली. तीन सोडून एक. ह्या ठेकेदाराने सांगितलं आणि मी केलं. माझी आई हिच्याखाली मेली. लिहा!"

साहेबांनी पेन काढलंच नाही. ठेकेदार म्हणाला, "बिचारा, आईच्या दुःखात आहे."

बिचारा! मी दाजींच्या शेजारी बसलो. टोळीने एकेक करून पाने खाली ठेवले. शिडीवर कुणी पाय ठेवला नाही. तिसऱ्या दिवशी ठेकेदाराने दाराकडची बाजू उतरवायचं सोडून दिलं. मंचाकडची उघडी बाजू बाहेरून माणसं आणून पत्र्यांनी झाकली. मी खाली उभा राहून बोल्ट मोजले. तीन सोडून एक.

दाजी आता नाहीत. मीही काम सोडलं. सभागृहावर 'सुरक्षित निवारा' अशी पाटी आहे. वादळाची सूचना आली की सगळी वस्ती दाराकडच्या बाजूला उभी राहते. बसायलाही जागा नसते, लेकरं खांद्यावर. मंचाकडे पन्नास खुर्च्या रिकाम्या असतात. दर वेळी साहेबांचा कुणीतरी माणूस येतो आणि विचारतो, "तिकडे एवढी जागा आहे, इकडे का चेंगरताय?"

दर वेळी मी त्याच्या हातात पाना देतो आणि शिडी दाखवतो. अजून एकही वर चढलेला नाही.