तांदळाचं धुवण

आईच्या गॅलरीत दोन कुंड्या आहेत. एकीत चेरी टोमॅटो, दुसरीत मी हौसेनं आणून दिलेलं शोभेचं गवत. टोमॅटोला रोज पाणी हवं, खत हवं, काठीचा आधार हवा. गवताला ऊन मिळालं की पुरे. पाणी माती वाळल्यावरच. पण आई रोज सकाळी तांदळाचं धुवण दोघांनाही सारखंच घालायची. दुजाभाव तिला कधी जमलाच नाही.

टोमॅटो लालबुंद लगडलेत. गवत मात्र आज पिवळं पडलेलं दिसलं. हात लावला तर अलगद उपटूनच आलं, मुळं पार कुजलेली.

“मी काही कमी केलं नव्हतं गं,” आई हळूच म्हणाली.

कमी नव्हतंच, जास्त झालं होतं. मी वेगळी राहायला गेले त्या दिवशीही ती दारात उभी राहून, अगदी याच आवाजात, हेच म्हणाली होती.